इंजिन थांबलं तरी विमान उडत असतं

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर काय होईल, असं कुणालाही विचारा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दगडासारखं खाली येणारं विमान उभं राहतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. ते का होत नाही, हे समजलं की या अपघातांबद्दलची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. कारण अशा प्रसंगी बरेचदा जीव जातो तो इंजिन थांबल्यामुळे नाही, तर पुढच्या काही सेकंदांत वैमानिकाच्या हातून जे घडतं त्यामुळे.

उतारावर सायकलचे पायडल मारणं थांबवलं म्हणून सायकल आडवी होत नाही. उतार आहे तोवर ती पळत राहते, हँडल ऐकत राहते, हवं तिथे वळते. विमानाचंही तसंच आहे. त्याला वर धरून ठेवतात ते पंख. पंखांना फक्त एक गोष्ट हवी असते: पुढून येऊन त्यांच्यावरून वेगाने वाहणारी हवा. इंजिन विमानाला पुढे ओढतं, म्हणून ही हवा वाहती राहते. इंजिन थांबलं की तेच काम उतारावर सोपवायचं. विमानाचं नाक थोडं खाली करायचं, म्हणजे उंची खर्च होते आणि वेग टिकतो. वैमानिक याला ग्लाइड म्हणतात.

हा उतार किती लांबचा असतो, ते एका ओळखीच्या विमानावरून पाहू. सेसना १७२ हे चार जणांचं, एका इंजिनाचं विमान १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमानं बनली आहेत. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. इंजिन बंद असताना ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटरचा वेग राखला, तर हे विमान एक फूट खाली येताना जवळपास नऊ फूट पुढे जातं. तीन हजार फुटांवर इंजिन थांबलं, तर वारा नसताना ते आठेक किलोमीटर जाऊ शकतं आणि जमिनीवर यायला त्याला चार मिनिटं लागतात. चहाला उकळी यायला लागतो तेवढा हा वेळ. फार नाही, पण सावरायला पुरेसा.

इंजिन थांबतं कशामुळे?

या विमानांचं इंजिन गाडीच्या इंजिनाच्या नात्यातलंच असतं. आताच्या सेसना १७२ मध्ये हवेवर थंड होणारे चार सिलिंडर असतात, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. ठिणगीची सोय मात्र गाडीपेक्षा भक्कम असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ते पेटवायला इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन चालू राहतं. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. म्हणून ठिणगी न मिळाल्यामुळे इंजिन पूर्ण बंद पडणं विरळाच.

बहुतेक वेळा घोटाळा होतो तो इंधनात, आणि तोही अगदी साधा: टाकी रिकामी होते. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०११ ते २०१५ या काळातले इंधनाशी संबंधित अपघात तपासले. असे अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक होत होते. त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये माणसाची चूक कारणीभूत होती. यंत्राच्या दोषाला जेमतेम पाच टक्के उरतात. निम्म्याहून अधिक अपघातांत विमानातलं इंधन खरोखर संपलं होतं. बाकीच्यांपैकी बऱ्याच विमानांत इंधन होतं, पण ते इंजिनापर्यंत पोचलं नाही.

इंधन आहे पण पोचत नाही, हे वाचताना विचित्र वाटतं. त्यामागचं कारण असं. छोट्या विमानांच्या टाक्या बहुधा पंखांत असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं, हे ठरवायला एक कळ असते. अनेक विमानांत एकदा डावी आणि एकदा उजवी अशी आळीपाळीने कळ फिरवावी लागते. ती फिरवायची राहिली, तर एक टाकी भरलेली असतानाही इंजिन उपाशी राहतं.

'कंट्री रोड्स' गाणारा जॉन डेन्व्हर याच कळीपायी गेला. तो कसलेला वैमानिक होता, अडीच हजारांहून अधिक तास उडालेला. १२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे विमानतळावरून तो नुकतंच विकत घेतलेलं लाँग-ईझी विमान घेऊन उडाला. हे विमान हौशी लोक आराखड्यावरून स्वतः बांधतात. मूळ आराखड्यात इंधनाची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. डेन्व्हरचं विमान बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. इंधन दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या आणि त्यांवर किती गॅलन उरलं ते कळेल अशा खुणा नव्हत्या. उड्डाणाआधी तिथल्या तंत्रज्ञाने डेन्व्हरला त्या काचा पाहायला एक आरसा दिला आणि अवघड कळ फिरवायला पक्कडही दिली. तुम्ही इंधन भरून घेता का, असंही विचारलं. डेन्व्हर नको म्हणाला. थोडाच वेळ उडायचं होतं.

समुद्राकाठी काहीशे फुटांवर असताना इंजिन अडखळलं. कळ फिरवायची तर उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायला हवा, म्हणजे अख्खं शरीर वळवायला हवं. तपासात एकाने तशाच बैठकीत बसून हे करून पाहिलं, तेव्हा प्रत्येक वेळी शरीर वळताना त्याचा उजवा पाय नकळत उजव्या पेडलवर दाबला जात होता. ते पेडल विमानाचं तोंड फिरवतं. एनटीएसबीने निष्कर्ष काढला तो हाच: कळीशी झटताना लक्ष विमानावरून उडालं, उजवं पेडल दाबलं गेलं आणि विमान ताब्यातून सुटलं. इंधन न भरता उडणं हेही कारणांमध्ये नोंदवलं आहे. इंजिन बंद पडलेलं विमान पाण्यावर उतरवता येतं. ताबा सुटलेलं विमान मात्र कुठेच उतरवता येत नाही.

पाणी, बर्फ आणि एक ढिला तुकडा

इंधनाचे आणखी दोन शत्रू आहेत. पहिला पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान रात्रभर दमट हवेत उभं केलं, की टाकीच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ओघळून खाली येतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशीच साचतं. टाकीचं झाकण नीट बसलेलं नसेल, तर पावसाचं पाणीही असंच आत शिरतं.

दुसरा शत्रू बर्फ, आणि तो उन्हाळ्यातही धरू शकतो. इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिट फिरवलं की गार लागतं, कारण स्पिरिट उडून जाताना उष्णता ओढून घेतं. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचं बाष्प होताना तेच घडतं. शिवाय तिथल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिचा दाब घटतो आणि तीही थंड होते. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांहूनही अधिक घसरू शकतं. हवा दमट असेल, तर तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ त्या गळ्यात साचतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. बाहेर ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही हे होऊ शकतं, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं वैमानिकांसाठीचं पुस्तक बजावतं. म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याच्या हवेतही, विशेषतः उतरताना इंजिनाचा जोर कमी केलेला असतो तेव्हा, ही शक्यता धरायलाच हवी.

यावर उपाय म्हणून कॉकपिटमध्ये एक खटका असतो. तो ओढला की सायलेन्सरभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये जाते. इथे एक फसवी गोष्ट घडते. बर्फ वितळून ते पाणी इंजिनात जाऊ लागतं, आणि इंजिन सुधारण्याऐवजी आधी आणखी खडखडतं. नवखा वैमानिक घाबरून खटका पुन्हा आत ढकलतो. खरं तर तो तसाच ओढून धरायचा असतो. अर्ध्या-एक मिनिटात इंजिन मोकळं होतं. अपघातानंतर तपास करणारे पोचेपर्यंत बर्फाचा मागमूस उरत नाही, म्हणून अशी कितीतरी कारणं कागदावर नक्की येत नाहीत. नव्या बऱ्याच विमानांत कार्ब्युरेटरच नसतो. इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, त्यामुळे त्यांना या बर्फाचा धोका नाही.

उरतो यंत्रातला बिघाड: तेलाची गळती, अडकलेला व्हॉल्व्ह, दुरुस्तीनंतर ढिला राहिलेला नट. हॅरिसन फोर्डच्या बाबतीत तो बिघाड बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यातला होता. ५ मार्च २०१५ रोजी हा अभिनेता दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन प्रशिक्षण विमान घेऊन सँटा मोनिका विमानतळावरून एकटाच उडाला. विमान वर चढत असतानाच इंजिनाचा जोर गेला. नंतर कार्ब्युरेटर उघडला, तेव्हा इंधन मोजून सोडणारा मुख्य जेट त्याच्या जागेवरून सुटून फिरलेला आढळला. इंजिनात इंधनाचा पूर आला होता, आणि भिजलेल्या सरपणासारखं ते पेटेना. जेट कार्ब्युरेटरच्या पोटात असतो. उड्डाणाआधी बाहेरून कितीही बारकाईने पाहिलं असतं, तरी हा दोष दिसला नसता.

मागे वळण्याचा मोह

फोर्डचं इंजिन सगळ्यात वाईट वेळी गेलं. उंची नाही, वेग बेताचा, नाक आकाशाकडे आणि खाली घरांची दाटी. अशा क्षणी प्रत्येकाच्या मनात एकच येतं: धावपट्टी मागेच तर आहे, वळून उतरू.

हे वळण दिसतं तितकं सोपं नसतं. १८० अंश वळलं की विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या शेजारी समांतर येतं. तिच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं, मग उलट वळून सरळ व्हावं लागतं. त्याआधीचे तीन-चार सेकंद तर हे काय झालं, यातच गेलेले असतात. वळताना उंची सरळ ग्लाइडपेक्षा जास्त खर्च होते. जमीन जवळ येताना दिसते. हात आपोआप योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, मागे ओढतात, कारण नाक वर केलं की विमान वर जाईल असं सगळ्या शरीराला वाटत असतं.

नेमकं इथे पंख हार मानतात. पंखाचा हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे, साधारण १५ ते १८ अंशांपुढे गेला, की हवा त्याच्या पाठीवरून सुरळीत वाहत नाही. ती सुटते, विस्कटते, आणि विमान उचलून धरणारं बळ कोसळतं. हा स्टॉल. इंजिन बंद पडणं आणि स्टॉल होणं यांचा गोंधळ अनेक जण करतात, पण स्टॉल होतो तो पंखाचा. सरळ उडताना जे विमान ५० नॉटला स्टॉल होतं, ते ४५ अंश कललेल्या वळणात योक ओढून धरला तर जवळपास ६० नॉटला आणि ६० अंश कललेलं असताना ७० नॉटला स्टॉल होतं. शिवाय वळताना बहुधा एक पंख दुसऱ्याच्या आधी सोडून देतो, आणि विमान त्या बाजूला गिरकी घेत खाली जातं. हजारो फुटांवर यातून सावरता येतं. चारशे फुटांवर सावरायला जागाच नसते.

म्हणून शिकवणारे पहिल्यापासून सांगतात: कमी उंचीवर इंजिन गेलं, तर नाक खाली, आणि समोर, थोडं डावी-उजवीकडे जी बरी जागा दिसेल तिथे उतर. वळायचंच असेल, तर किती उंचीच्या वर वळायचं हा आकडा उडण्याआधी जमिनीवर ठरवायचा आणि त्यासाठी शिक्षकासोबत सुरक्षित उंचीवर सराव करायचा.

फोर्डनेही विमानतळाकडे वळायला सुरुवात केली होती. पण तिथवर पोचणार नाही हे दिसताच त्याने तो नाद सोडला आणि जवळचं पेनमार गोल्फ मैदान निवडलं. विमान झाडाच्या शेंड्याला घासून मैदानात आदळलं. तो बराच जखमी झाला, पण वाचला, आणि जमिनीवरच्या कुणालाही इजा झाली नाही. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या जखमा वाढल्या, असं अहवाल म्हणतो. पट्टा कुठे आणि कसा बांधला आहे, ही बाब इतकी मोलाची असते.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने काढलेले आकडे मला या विषयातले सगळ्यात बोलके वाटतात. २००० ते २०१० या काळात एका इंजिनाच्या विमानांचं इंजिन उड्डाणानंतर लगेच पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना त्यांनी पाहिल्या. त्यांतली एकही जीवघेणी ठरली नाही. इंजिनाचा जोर फक्त कमी झाल्याच्या घटना २४२ होत्या. त्यांतल्या नऊ जीवघेण्या ठरल्या. इंजिन पूर्ण थांबलं की निर्णय झालेला असतो, उतरायचंच. ते अर्धवट चालत असलं की आशा वाटते, पोचू कसंबसं, वळू कसंबसं. त्या आशेपायी वेग हळूहळू घटत जातो आणि वैमानिकाला कळेपर्यंत पंखाने साथ सोडलेली असते.

चार मिनिटांचा हिशेब

उंची हातात असेल, तर कामं ठरलेल्या क्रमाने करायची असतात. पहिलं, वेग. नाक खाली करून ग्लाइडचा वेग पकडायचा आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. दुसरं, जागा. ती पहिल्या अर्ध्या मिनिटातच निवडायची आणि मग मन सारखं बदलायचं नाही. तिसरं, कारण. हात ठरलेल्या वाटेने कॉकपिटवरून फिरतो: इंधनाची कळ दुसऱ्या टाकीवर, इंधन-हवेचं मिश्रण पूर्ण घट्ट, गरम हवेचा खटका बाहेर, पंप चालू, मॅग्नेटो दोन्हींवर. पुष्कळदा इंजिन इथेच पुन्हा सुरू होतं. रेडिओवर 'मेडे' ही संकटाची हाक द्यायची ती यानंतर. कंट्रोल टॉवर मदत पाठवू शकतो, पण विमान उडवू शकत नाही.

जागा निवडताना हिरवं दिसलं म्हणून भुलायचं नाही. आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळे इथे वैमानिक घडतात. बारामतीच्या आजूबाजूला वरून गालिच्यासारखा दिसणारा पट्टा पुरुषभर उंचीच्या उसाचा असू शकतो, आणि त्याच्या पोटात चारी किंवा बांध दडलेला असतो. त्यापेक्षा कापणी झालेलं, सपाट, सऱ्यांच्या दिशेने उतरता येईल असं रान बरं. विजेच्या तारा हवेतून दिसतच नाहीत. म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांबांच्या रांगा शोधायच्या.

उतरण्याआधी इंधन बंद, ठिणगी बंद, वीज बंद, म्हणजे आगीला काही मिळू नये. दरवाजे आधीच किलकिले करायचे, कारण सांगाडा वाकला तर ते अडकून बसतात. आणि शक्य तितक्या कमी वेगाने, पण ताब्यात ठेवून टेकायचं. ताशी ८० किलोमीटरने जाणारं विमान, माणूस सोसू शकेल इतक्या एकसारख्या धक्क्याने, तीनेक मीटरमध्ये थांबवता येतं. वेग दुप्पट झाला, तर त्याच धक्क्याला अकरा-बारा मीटर लागतात. म्हणजे वेग निम्मा केला की जगण्यासाठी चौपट कमी जागा पुरते. या तीन मीटरसाठी पंख मोडले, चाकं तुटली तरी चालतात. त्यांनी मोडावं, म्हणजे माणूस वाचतो. विमान वाचवायचा विचार त्या क्षणी मनातून काढून टाकावा लागतो, आणि ज्याने वर्षानुवर्षं पै-पै जमवून ते घेतलेलं असतं, त्याला हे अवघड जातं. अमेरिकेतल्या सायरस कंपनीच्या विमानांत तर अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूटच असतं. लाल दांडा ओढायचा, विमानावर पाणी सोडायचं आणि आपला जीव वाचवायचा. तिथेही अडचण तीच असते: दांडा वेळेवर ओढण्याची.

पेलाभर निळं पेट्रोल

या सगळ्याची सुरुवात मात्र जमिनीवर होते. सकाळी शिकाऊ वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो. पंखावर चढून टाकीचं झाकण उघडतो, आत पट्टी बुडवून इंधन मोजतो, नुसत्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. मग खाली वाकून पंखाच्या तळाची छोटी झडप दाबतो आणि थोडं इंधन पारदर्शक पेल्यात घेऊन उजेडाकडे धरतो. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो. पेल्यात तो निळा रंग दिसला नाही, तर टाकीत जेटचं रॉकेलसारखं इंधन चुकून भरलं गेल्याची शंका घ्यायची. तळाशी वेगळा थेंब डळमळताना दिसला, तर ते पाणी आहे. काहीच डळमळलं नाही, सगळा पेला एकसारखा दिसला, तर मात्र जरा थांबायचं: सगळं पाणीच तर नाही ना? वास घ्यायचा, बोटावर थेंब घेऊन तो उडून जातो का ते पाहायचं.

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि रोज तेच तेच करून त्याचा कंटाळा येतो. त्या ९५ टक्के अपघातांतले बरेचसे याच दोन मिनिटांत टळले असते. शिकाऊ मुलगा पुढच्या झडपेखाली पेला धरतो. ती झाली की त्या पुढची. एकही सोडत नाही.